सूनबाईच्या वर्कशीटवर मी मारलेल्या रेघा

ज्या कागदावर खाली माणसाचं नाव छापलेलं आहे अन् त्या नावाच्या वर कोरी जागा आहे, तो कागद घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. हे मला शाळेनं शिकवलं नाही. शाळेत मी चौथीपर्यंतच गेलो, अन् चौथीतही मास्तरांपेक्षा खिडकीकडे जास्त पाहिलं. हे मी शिकलो रायपूरच्या एका सरकारी कचेरीत. तिथे मी दफ्तरी होतो. दफ्तरी म्हणजे चपराशी नव्हे. चपराशी पाणी देतो. दफ्तरी फायली शिवतो, टॅग घालतो, पानांवर नंबर टाकतो, अन् जिथे कोरी जागा राहिली तिथे लाल शाईची तिरपी रेघ ओढून मधे ‘निरंक’ लिहितो. निरंक म्हणजे इथे काही नाही, अन् यापुढेही कोणी काही घुसवू नये.

रेघ ओढली नाही तर काय होते ते मी डोळ्यानं पाहिलं आहे. आमच्या एका साहेबानं एका कागदावर सही केली. मजकूर वर, सही पार खाली, मधे दोन बोटं जागा मोकळी. त्या दिवशी मी रजेवर होतो. कोण्या पुण्यवंतानं त्या दोन बोटांत एक ओळ टाईप केली. महिन्याभरात साहेबांची बदली झाली, पार जंगलातल्या तालुक्यात, अन् आदेशात कारण होतं, ‘स्वतःच्या विनंतीवरून’. साहेब सगळ्यांना विचारत फिरले की मी विनंती केली कधी. सही त्यांचीच होती, बोलणार काय. तेव्हापासून मी रजा घेणं कमी केलं.

आता सूनबाईचं सांगतो. मुलगा नोकरीपायी बिलासपूरला असतो, रविवारी येतो. रायपुरातल्या बूढ़ापाऱ्याच्या घरी मी, माझी बायको अन् सूनबाई. तिचं माहेर अकोल्याचं, शिक्षण हिंदीत एम.ए. एका कॉलेजात ती पहिल्या वर्षाच्या पोट्ट्यांना लिहायला शिकवते. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं गंमत करून राहिली.

“बारावी पास होऊन आले न ते?” मी विचारलं.

“हो बाबा.”

“मग बारावी काय अंगठा लावून पास झाले?”

“गाईडातलं उतरवता येतं त्यांना. स्वतःच्या डोक्यातलं कागदावर आणता येत नाही.”

“डोक्यात असलं तर येईल.”

“असतं बाबा. त्यांना कोणी विचारलेलं नसतं, एवढंच.”

अन् हे विचारायसाठी ती जो कागद करते त्याला म्हणतात वर्कशीट. असा कागद मी जन्मात पाहिला नव्हता. एक ओळ छापलेली, तीही अर्धी, अन् खाली नुसत्या ठिपक्यांच्या ओळी. ‘मेरे मोहल्ले में यह बात बदलनी चाहिए’, मग ठिपके. ‘इसका कारण’, ठिपके. ‘एक उदाहरण’, ठिपके. ‘जो मुझसे सहमत नहीं, वे कहेंगे’, ठिपके. ‘मेरा उत्तर’, पुन्हा ठिपके. मी म्हटलं, मास्तरनीनं निम्मं वाक्य लिहून सोडून द्यायचं अन् पगार पुरा घ्यायचा, नोकरी चांगली आहे.

तिला राग येत नाही. हा तिचा एक दोष आहे. तिनं एक वर्कशीट माझ्यापुढे ठेवली अन् म्हणाली, “तुम्ही भरून पाहा न बाबा. तुम्हाला जमली तर कोणालाही जमेल.”

ही तारीफ होती की काय होतं, यावर मी थोडा वेळ विचार केला अन् पेन घेतला. मोहल्ल्यात काय बदलावं? मी लिहिलं, काही बदलू नये. कारण? मी सांगतो म्हणून. उदाहरण? मी स्वतः. असहमत लोक काय म्हणतील, तिथे मी लिहिलं, या घरात असहमत कोणी नाही.

“मी आहे न,” बायको स्वयंपाकघरातून बोलली. मी लिहिताना मोठ्यानं वाचतो, ही माझी सवय.

“मी सांगतो, हे कारण नाही होत बाबा,” सूनबाई म्हणाली.

“काहून नाही होत? कचेरीत सगळ्या साहेबांचं हेच कारण होतं. बराबर चाललं.”

“त्यांचं चाललं, कारण समोरचा बोलू शकत नव्हता. इथे समोरचाही बोलतो.” तिनं चौथ्या खान्यावर बोट ठेवलं, तेच असहमत लोकांचं. “हा खाना सगळ्यात महत्त्वाचा.”

मी म्हटलं, हाच खाना सगळ्यात फालतू. जो आपल्याला मानत नाही त्याचं म्हणणं आपणच आपल्या हातानं लिहून द्यायचं, असा मूर्ख मी नाही. त्यावर आमची चर्चा संपली, म्हणजे मी उठून बाहेर गेलो.

मग एक दिवस जेवताना तिनं सांगितलं की कॉलेजात तिच्या विषयाची एक जागा पक्की होणार आहे. इतकी वर्षं ती करारावर होती. दर उन्हाळ्यात करार संपे, अन् नवा येईपर्यंत ती घरात कपाटं आवरत राही, एकच कपाट पुन्हा पुन्हा. त्या जागेसाठी समिती येणार होती, तिचा वर्ग पाहणार होती, अन् पाहायचं होतं हेच, की पोट्टे वर्कशीटवर खरंच लिहितात का. दुसरी एक मॅडम रांगेत होती. बायकोनं लगेच शनिवार धरला. मी काही धरलं नाही. मी म्हटलं, कागद माझ्याकडे दे, झेरॉक्स मी करून आणतो.

आदल्या दिवशी तिची परीक्षेची ड्युटी होती, म्हणून तिनं खरंच दिला. मी गोल बाज़ारातल्या दुकानात गेलो. दुकानदार छत्तीसगढ़ी माणूस, वर्गाला पुरतील एवढ्या प्रती काढता काढता त्यानं कागद उजेडात धरला.

“बबा, एमा तो कुछु लिखाय नइ हे.”

“लिखा है, ऊपर देखो,” मी म्हटलं.

“हव, फेर बाकी सब खाली हे. काबर?”

काबर म्हणजे काहून, अन् ते मला तरी कुठे पटलं होतं. पण बाहेरच्या माणसापुढे घरची बाजू सांभाळावी लागते. मी म्हटलं, कॉलेज का काम है, आपको नहीं समझेगा.

घरी येऊन पानं क्रमानं लावायला बसलो. तेवढंच काम तिनं सांगितलं होतं. लावता लावता नजर खाली गेली. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात सूनबाईचं पुरं नाव छापलेलं. ‘निर्माण’, अन् पुढे नाव. वर पानभर कोरी जागा. वर्गभर पोट्टे, प्रत्येकाच्या हातात पेन, खाली हिचं नाव, अन् समोर समिती. एकानं जरी वर काही अगडबगड लिहिलं की प्राचार्य गाढव आहे, तर नाव कोणाचं? ती दुसरी मॅडम तर याचीच वाट पाहून राहिली असेल. अन् या पोरीला एवढं एम.ए. होऊन हे दिसलं नाही.

मी पट्टी काढली. लाल पेन काढला. एकेक पान घेऊन प्रत्येक कोऱ्या जागेत तिरपी रेघ, अन् मधे ‘निरंक’. हात अजून चांगला आहे. एकही रेघ थरथरली नाही.

“काय करून राहिले तुमी?” बायकोनं दारातून विचारलं.

“बंदोबस्त.”

“तिले इचारलं?”

“बंदोबस्त इचारून करत असते काय?”

तिनं चष्मा लावला नव्हता, म्हणून गोष्ट तिथेच राहिली. मी गठ्ठा खाकी कागदात बांधला, वर फीत, फितीला दफ्तरी गाठ. संध्याकाळी सूनबाई थकून आली, गठ्ठा पाहिला अन् म्हणाली, “किती सुंदर बांधलं बाबा.” मी म्हटलं, तू आता निर्धास्त झोप.

सकाळी मी म्हटलं, गठ्ठा घेऊन मी येतो. साहेब स्वतःचे कागद स्वतः उचलत नाही, त्यानं किंमत जाते. ती हसली अन् स्कूटीवर मला मागे बसवलं. कॉलेजात तिनं मला वर्गाच्या मागच्या बाकावर बसवलं, अन् समितीच्या लोकांना सांगितलं, माझे सासरे आहेत, कागद घेऊन आले. समितीत तिघं होते. प्राचार्य, बाहेरगावच्या एक चष्मेवाल्या मॅडम, अन् एक रिटायर झालेले मोठे साहेब. साहेब कसे बसले त्यावरून मी ओळखलं की हे खरे साहेब आहेत.

गाठ तिला सुटेना. दफ्तरी गाठ शिकलेल्याच्या हातालाच सुटते. मी पुढे जाऊन सोडली अन् जागेवर येऊन बसलो. तिनं वरचं पान पाहिलं. मग खालचं. मग मधून एक ओढून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे सगळं ठीक आहे, एकही सुटलं नाही.

सूनबाई गोरी आहे, पण इतकी गोरी मी तिला कधी पाहिली नव्हती. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की काहीतरी कमी पडलं. मी मनात म्हटलं, शिक्का मारायचा राहिला की काय.

तिनं पानं वाटून टाकली. दुसरं करणार काय, समिती बसली होती. पहिल्या बाकावरची एक पोट्टी म्हणाली, “मैम, ये तो सब कटा हुआ है.” मागून एक पोट्टा म्हणाला, “निरंक माने?” कोणीतरी म्हणालं, “माने जीरो मिला है, लिखने से पहले ही.” हसले सगळे. चष्मेवाल्या मॅडमनं वहीत काहीतरी लिहिलं.

सूनबाईनं एक पान उचलून वर्गाला दाखवलं. मग म्हणाली, “किसी ने मान लिया कि यह जगह खाली रहे तो खतरा है. वे मूर्ख नहीं हैं, उनके पास अपना कारण है. पन्ना पलटिए. पीछे उन्हें समझाइए कि यह जगह खाली क्यों चाहिए थी. कारण दीजिए, उदाहरण दीजिए, और वे क्या कहेंगे, यह भी सोचिए.” अन् माझ्याकडे हात करून म्हणाली, “वे पीछे बैठे हैं. पूछ भी सकते हैं.”

वर्गातली सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी ताठ बसलो.

विचारलं कोणी नाही, लिहायलाच लागले. मग सूनबाईनं एकेकाला वाचायला लावलं. एका पोट्ट्यानं लिहिलं होतं की बाबूजी, आम्ही विचार करायच्या आधीच तुम्ही निकाल लावला. मी जागेवरूनच म्हटलं, “विचार करो, मना किसने किया. लेकिन नीचे मैडम का नाम छपा है. ऊपर तुम कुछ भी लिख दोगे, तो जवाब कौन देगा?”

पोट्टा बसला. मी म्हटलं, संपलं.

तर ती पहिल्या बाकावरची पोट्टी उभी राहिली. वेणीला लाल रिबीन, अंगानं एवढीशी. “तो नाम काट देते, बाबूजी. जगह काहे काटी?”

आता याला काय म्हणायचं. एवढ्या फायली शिवल्या, पण हा मुद्दा कोण्या साहेबानंही काढला नव्हता. शेवटी मी म्हटलं, “बहू का नाम कोई अपने हाथ से काटता है क्या?”

सगळा वर्ग हसला, अन् सूनबाईनं खिडकीकडे तोंड केलं.

अन् इथे घोळ झाला. रिटायर साहेब खुर्चीतून म्हणाले, “बाबूजी ठीक कह रहे हैं. मेरे जमाने में खाली जगह छोड़ने वाले बाबू को मैं नोटिस देता था.” चष्मेवाल्या मॅडम म्हणाल्या, “सर, यह कक्षा है, दफ्तर नहीं.” साहेब म्हणाले, “दफ्तर में जाने वाले कक्षा से ही तो आते हैं.” पोट्टे पानं हलवून हात वर करून राहिले, कोणी साहेबांच्या बाजूनं, कोणी मॅडमच्या. मी साहेबांना जंगलातल्या बदलीचा किस्सा सांगायला उभा राहिलो. प्राचार्य सगळ्यांना बसा बसा म्हणत होते. एवढ्यात तास संपला.

दोन दिवसांनी प्राचार्यांनी सूनबाईला बोलावून सांगितलं की वर्ग जिवंत होता, पण वर्कशीट तपासायची होती, तीच तपासता आली नाही. पुन्हा एकदा वर्ग द्या. अन् शेवटी एक वाक्य, घरचं कोणी सोबत नको.

ते सांगून ती स्वयंपाकघरात गेली अन् कपाट उघडून बसली. डबे काढून पुसायला लागली. मी दारात उभा राहिलो.

“पोट्ट्यांनी लिहिलं न पण,” मी म्हटलं.

“लिहिलं बाबा.” ती डबा पुसत राहिली. “पण त्या दुसऱ्या मॅडमचा वर्ग नीट झाला. तिच्या कागदावर कोणी रेघ मारली नव्हती. मला परत करार नको आहे हो. दर वर्षी वाटतं, या वेळेस बोलावणारच नाहीत.”

एवढं ती कधी बोलली नव्हती. त्या रात्री माझ्या पोळीवर तूप नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. बायको म्हणाली, “डब्यात निरंक आहे.”

मी माफी मागितली नाही, कारण रेघ बरोबर होती. पण त्या रिबीनवाल्या पोट्टीचं बोलणं डोक्यात फिरत होतं. एक दिवस मी सूनबाईला म्हटलं, “पोट्टीचं मला मान्य नाही. पण तू खालचं नाव काढून टाक.”

“वर्कशीटवरचं?”

“हो. नाव नसलं तर जागा कोरी राहू दे. मग ज्याचं त्यानं निस्तरावं.”

तिनं विचारलं, “एवढ्यासाठी होतं ते?”

“मग तुले काय वाटलं, मले रेघा मारायचा शौक आहे?”

“शौक नाही म्हणतील लोक,” बायको म्हणाली, “रोग म्हणतील.”

सूनबाईनं नाव काढलं. मी पुन्हा गोल बाज़ारात जाऊन प्रती काढून आणल्या. दुकानदारानं पुन्हा काबर विचारलं, या वेळेस मी म्हटलं, पोट्ट्यांना विचार करायला जागा पाहिजे. हव, म्हणाला, जसं त्याला माहीतच होतं. घरी येऊन पानं लावली. लाल पेन मी आधीच बायकोजवळ देऊन ठेवला होता. तिनं तो तांदळाच्या डब्यात टाकला अन् डब्यावर पाटा ठेवला. एवढ्या अविश्वासाची गरज नव्हती.

दुसऱ्या वर्गाच्या दिवशी मी कॉलेजच्या गेटबाहेरच थांबलो. हुकूम म्हणजे हुकूम. चौकीदारानं स्टूल दिलं. त्याला मी दफ्तरी अन् चपराशी यातला फरक समजावून सांगत होतो, तेवढ्यात सूनबाई बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

“काय झालं?”

“झाला वर्ग. सांगतील आठवड्यात.”

“कागद कोरे दिले?”

“कोरे दिले.”

“मग? कोणी काही लिहिलं त्याच्यात?”

“सगळ्यांनी लिहिलं बाबा. काहींनी तर समासातही लिहिलं.”

“हेच,” मी म्हटलं. “हेच मी पहिल्या दिवसापासून सांगून राहिलो. जागा मोकळी दिसली की लोक लिहितात.”

ती गेटाला टेकून इतकी हसली की चौकीदार पाणी घेऊन आला.

आदेश आला तो टपालानं नाही, तिनंच हातात आणला, दुपारी. मी ओसरीत होतो, बायकोनं दूध गॅसवर ठेवलं होतं. सूनबाई म्हणाली, “आई, या इकडे. बाबा, तुम्हीच वाचा.”

मी बसून वाचत नाही असे कागद. उभा राहिलो, चष्मा पुसला. मला वाचायला वेळ लागतो, अक्षराला अक्षर जोडावं लागतं, अन् सरकारी हिंदीतला शब्द जरा जास्तच लांब असते. पण दोघींपैकी कोणी घाई केली नाही. क्रमांक वाचला, तारीख वाचली, विषय वाचला. मग ‘नियमित नियुक्ति’ आलं. ते मी दोनदा वाचलं. बायकोनं पदर डोळ्याला लावला अन् सूनबाईच्या पाठीवर हात ठेवला. दोघी आत जायला वळल्या.

“थांबा,” मी म्हटलं.

“झालं न वाचून?”

“प्रतिलिपी राहिली. हा कागद कोणाकोणाकडे गेला ते खाली असते. तेच खरं वाचायचं असते.”

अन् मी वाचायला लागलो. एक, प्राचार्य. दोन, लेखा शाखा. तीन, स्थापना शाखा. आतून दूध उतू गेल्याचा वास आला, बायको धावली. सूनबाई मात्र हलली नाही. माझ्याशेजारी उभी राहून, शेवटच्या नोंदीपर्यंत, तिनं सगळं ऐकून घेतलं.